मद्रासला न पोचलेले पैसे : डीलच्या किनाऱ्यावर बाबांबरोबर चार दिवस

बाबांचा नाण्यांचा डबा रेवदंड्याच्या घरी देवघरावरच्या फळीवर असतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात झिजलेल्या शिवराया, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे आणि तराजूचं चित्र असलेला १८०४ चा एक पैसा. यंदा बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे बर्मिंगहॅमला आले. डबा अर्थातच तिथेच राहिला. शंभर वर्षांहून जुनी नाणी भारताबाहेर न्यायला बंदी आहे, आणि इतिहास शिकवण्यात बाबांची उभी हयात गेली, त्यामुळे त्यांना हे कुणी सांगायची गरजच नव्हती.

त्यांना मी हॅन्ड्सवर्थमधलं सोहो हाउस दाखवायला नेलं. मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराचं हे घर. वाफेच्या इंजिनावर चालणारी त्याची टांकसाळ इथे जवळच होती. ईस्ट इंडिया कंपनीची नाणी तिथे पाडली जात, आणि तो १८०४ चा तराजूचा पैसाही तिथलाच. बाबा मिनिटभर गप्प झाले. पन्नास वर्षं रेवदंड्याच्या फळीवर असलेला पैसा माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर जन्मला होता.

त्या रात्री वाचता वाचता 'ॲडमिरल गार्डनर'ची गोष्ट हाती लागली. सोहोच्या टांकसाळीत १८०८ साली मद्रास इलाख्यासाठी पाडलेली तांब्याची नाणी, तब्बल ४८ टन, घेऊन हे जहाज निघालं. इंग्लंडचा किनाराही त्याला सोडता आला नाही. जानेवारी १८०९ मधल्या वादळात आग्नेय इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या डील गावासमोरच्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यावर ते आदळून फुटलं. १९८० च्या दशकात बुडी मारणाऱ्या माणसांनी त्यातून दहा लाखांहून जास्त नाणी वर काढली. आता ते संरक्षित स्थळ आहे.

"आपण तिथे जाऊ या," बाबा म्हणाले. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने आपलं मेटल डिटेक्टर चार दिवसांसाठी दिलं, आणि आम्ही ऑक्टोबरात निघालो.

पहिला दिवस, चतुर्दशी

गाडीने साडेचार तास लागले. दुपारी अडीचला खोलीवर सामान टाकलं आणि तीन वाजता आम्ही किनाऱ्यावर होतो.

डीलचा किनारा पाहून बाबा आधी थोडे हिरमुसले. वाळू नाहीच. नजर जाईल तिथवर तांबूस-करडे गोटे, पायाखाली करकरणारे, आणि समुद्राकडे एकदम उतार. पण पाचच मिनिटांत त्यांनी चप्पल-बूट सगळं काढलं, थंडीत अनवाणी पाण्यापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "अगं, याला पायऱ्या पडल्यात. नुकतंच जोराचं वारं लागलंय इथे." आठवड्याच्या सुरुवातीला ईशान्येचं वादळ होऊन गेलं होतं, हे आम्हाला संध्याकाळी घरमालकीणबाईंकडून कळलं.

पहिल्या तीन तासांत मशीन चाळीसेक वेळा वाजलं. कोल्ड्रिंकच्या कॅनच्या कड्या, चंदेरी कागद, गंजके खिळे, आणि गळाला लावायची शिशाची वजनं, ती तर अकरा. सगळं उचलून पिशवीत भरलं. शिसं पाखरांच्या पोटात गेलं तर जीव घेतं, त्यामुळे ते पुन्हा गोट्यांत टाकायचं नाही हे आमचं आधीच ठरलं होतं.

मशीनबद्दल एक महत्त्वाचं. खाऱ्या पाण्याने ओला झालेला किनारा स्वतःच वीज वाहून नेतो, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं मशीन पाण्याजवळ नुसतं बडबडत राहतं. समुद्रावर जायचं असेल तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन घ्या. कॉइल, म्हणजे मशीनची खालची चकती, जमिनीला समांतर आणि जितकी खाली धरता येईल तितकी खाली ठेवायची, हळू फिरवायची, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे. हेडफोन हवेतच, लाटांच्या आवाजात बारीक सिग्नल ऐकू येत नाही.

आणि परवानगी. इंग्लंडमध्ये भरती-ओहोटीमधला बराचसा किनारा क्राउन इस्टेट या राजगादीची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या मालकीचा आहे आणि तिथे छंद म्हणून डिटेक्टर फिरवायला वेगळा अर्ज करावा लागत नाही. पण प्रत्येक किनारा त्यांचा नाही. नकाशा पाहा, शंका असेल तिथे स्थानिक नगरपालिकेला विचारा. आम्ही ईमेल करून विचारलं होतं. डील, वॉल्मर आणि सँडाउन या तिन्ही किल्ल्यांच्या आसपास मशीन चालूच करायचं नाही; संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीशिवाय डिटेक्टर फिरवणं गुन्हा आहे. आणि गोट्यांत बॉम्बगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे व्हा आणि ९९९ वर कोस्टगार्डला कळवा. या किनाऱ्याने दोन महायुद्धं पाहिली आहेत.

दुसरा दिवस, कोजागरी

आदल्या रात्री मी फोनवर भरती-ओहोटीचं कोष्टक शोधत होते. बाबा म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती." आमच्याकडचे कोळी पिढ्यान् पिढ्या हाच हिशेब करतात. कोष्टकात डीलची भरती दुपारी साडेबाराच्या सुमारास होती. मी तसं सांगितल्यावर ते खट्टू झाले. मग माझ्या लक्षात आलं की इथलं उन्हाळी घड्याळ तासभर पुढे असतं. खऱ्या ग्रिनिच वेळेने ती साडेअकरा. पंधरा मिनिटांचा फरक! रेवदंड्याचा हिशेब इंग्लिश खाडीत लागू पडला याचा बाबांना झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकणार नाही. हा योगायोग आहे, प्रत्येक बंदराची भरतीची वेळ आपापली असते, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी पुढचे तीन दिवस त्यांनी कोष्टक पाहिलं नाही.

सकाळी सातच्या सुमाराला ओहोटी पुरी होती. मागे गावावर मावळता पूर्ण चंद्र, पुढे समुद्रातून वर येणारा सूर्य. थंडीने बोटं वळत नव्हती. पाणी खूप खाली गेलं होतं.

तिथे आणखी एक जण मशीन फिरवत होते. सत्तरीपुढचे, गुडघ्यापर्यंत बूट, कमरेला कॅनव्हासची पिशवी. आम्ही नवखे आहोत हे त्यांनी लांबूनच ओळखलं आणि आपणहून जवळ आले. बाबांचं इंग्रजी पुस्तकी, त्यांचं केंटच्या किनाऱ्यावरचं, मध्ये मी. पण दोघांना एकमेकांचं कळायला माझी फारशी गरज पडली नाही. त्यांनी बुटाच्या टाचेने गोट्यांत रेघ ओढून दाखवलं : वादळाने जिथे वरचे गोटे ओढून नेलेत आणि खालचा कठीण थर जवळ आलाय, तिथेच शोधा. नाणं जड असतं, ते गोट्यांच्या फटींतून खाली खाली जातं आणि त्या थरावर जाऊन बसतं. बाबा म्हणाले, "आमच्याकडेही पहिल्या पावसानंतर ओहोळाच्या तोंडाशीच बघायचो आम्ही." लहानपणी बाबा आणि आत्या तिथे पैसे वेचायचे.

मग त्या गृहस्थांनी पिशवीतून एक वही काढली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, कोपरे फुगलेली. प्रत्येक पानावर एकच वस्तू : तारीख, ओहोटीची वेळ, वारा कुठून होता, किनाऱ्यावरची नेमकी जागा, किती खोल, आणि पेन्सिलने काढलेलं चित्र. बटण असलं तरी पान. वाकडा खिळासुद्धा, जहाजाचा वाटला तर. तीस वर्षांच्या अशा वह्या घरी आहेत म्हणाले. बाबा ती वही हातात घेऊन बराच वेळ उलटत राहिले. परत देताना म्हणाले, "माझ्या डब्यातल्या एकाही नाण्याचं मी असं लिहिलेलं नाही." मला वाटतं, या सहलीतलं सगळ्यात मोलाचं आम्हाला तिथे, त्या वहीत मिळालं.

'ॲडमिरल गार्डनर'चं नाणं किनाऱ्यावर मिळेल का, हे मी विचारलंच. वादळानंतर कधीतरी समुद्र काय वाटेल ते आणून टाकतो, ते म्हणाले, पण मिळालं तर ते खिशात घालायचं नसतं. फुटलेल्या जहाजातली वस्तू २८ दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या सरकारी अधिकाऱ्याला कळवावी लागते. जमिनीतल्या खजिन्याचा कायदा वेगळा : तीनशे वर्षांहून जुनी सोन्याची किंवा चांदीची दोन नाणी एकत्र मिळाली तरी तो खजिना ठरतो, आणि १४ दिवसांत कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याला कळवायचा. त्याखेरीज पोर्टेबल ॲन्टिक्विटीज स्कीम नावाची योजना आहे. प्रत्येक भागात त्यांचा अधिकारी असतो, त्याला जुनी वस्तू दाखवली की तो तिची नोंद करतो आणि वस्तू बहुतेक वेळा तुम्हालाच परत मिळते.

हे वाचून कुणी कोकणात मशीन घेऊन जाणार असेल तर बाबांचा निरोप : जाऊ नका. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, आणि आपल्याकडच्या बंदरांच्या जागा, चौल काय नि रेवदंडा काय, नीट उत्खननाची वाट पाहत आहेत. तिथे खणलेला एक खड्डा म्हणजे फाडलेलं एक पान.

भरतीच्या वेळी करण्यासारखं काही नसतं, म्हणून दुपारी किनाऱ्याच्या वाटेने चालत वॉल्मरच्या किल्ल्यात गेलो. आठव्या हेन्रीने बांधलेला, वरून पाहिला तर पाकळ्यांसारखा. ड्यूक ऑफ वेलिंग्टन १४ सप्टेंबर १८५२ रोजी इथेच वारला. त्याची खोली, खुर्ची, साधी अरुंद खाट. वॉटर्लूचा विजेता म्हणून लोक ते पाहत होते. बाबा मात्र हळू आवाजात म्हणाले, "असईचा वेल्स्ली." ड्यूक होण्याआधीचा हा आर्थर वेल्स्ली. २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा याने पराभव केला. शाळेत बाबा ती लढाई फळ्यावर नदीसकट काढून शिकवायचे. त्या खाटेसमोर ते हात मागे बांधून उभे राहिले, आणि मीही काही बोलले नाही.

रात्री खोलीवर केशर-वेलची घालून दूध आटवलं, थर्मासात भरलं आणि किनाऱ्यावर जाऊन बसलो. चंद्र समुद्रावर चांगला हातभर वर आला होता. गुडविन सँड्स समोर साधारण दहा किलोमीटरवर, सोळा किलोमीटर लांब, आणि दिसत काहीच नाही; फक्त काळं-रुपेरी पाणी आणि लांबवर जहाजांचे दिवे. हा किनारा आणि तो पट्टा यांच्या मधलं पाणी म्हणजे द डाउन्स, शिडाच्या जहाजांचा नांगर टाकून वाऱ्याची वाट पाहण्याचा तळ. हिंदुस्थानकडे निघालेली कित्येक जहाजं इथे थांबत. १७०३ च्या मोठ्या वादळात आरमाराची चार जहाजं त्याच वाळूवर एका रात्रीत गेली, शेकडो माणसांसकट. बाबांनी दुधाचा पहिला घोट चंद्राला दाखवून घेतला. मग थोडं दूध गोट्यांवर ओतलं. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

तिसरा दिवस

सकाळी वारा. हातमोजे घालूनही बोटं बधिर. दोन तास नुसत्या कड्या आणि शिसं. एकदा लाट अंदाजापेक्षा वर आली आणि किनाऱ्यावर ठेवलेली आमची पिशवी भिजली, डब्यातल्या पोळ्यांसकट. सामान नेहमी गोट्यांच्या वरच्या पायरीवर ठेवा.

साडेआठच्या सुमारास, पिअरच्या, म्हणजे समुद्रात गेलेल्या लांब धक्क्याच्या उत्तरेला, त्या गृहस्थांनी सांगितलं होतं तशा ओरबाडलेल्या जागी, एक आवाज आला. आतापर्यंतच्यापेक्षा वेगळा. उंच, गोल, आणि आडवं फिरवा की उभं, तसाच्या तसा. मी मशीन बाबांच्या हातात दिलं आणि गुडघ्यांवर बसले. गोट्यांत खड्डा राहत नाही. काढाल तितकं बाजूने कोसळतं, शिवाय खालून पाणी भरतं. कोपरापर्यंत हात गेला. हाताला एक चपटा दगड लागला, मी तो बाजूला टाकणार तोच त्याचं वजन जाणवलं.

काळपट हिरवं, रुपयापेक्षा बरंच मोठं, चांगलं जाड. दोन्ही बाजू जवळपास गुळगुळीत. पण कडेला एक रुंद उंच पट्टी होती, जशी ताटाला असते, आणि बाबांनी त्या पट्टीवर अंगठा फिरवला. "अक्षरं आत खोदलेली आहेत. वर आलेली नाहीत." उन्हात तिरकं धरल्यावर तीन अक्षरं दिसली, 'आययूएस'. जॉर्जियस या नावाची शेपटी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मला एव्हाना कळलं होतं. सोहो हाउसमध्ये अशीच नाणी काचेखाली पाहिली होती. तिसऱ्या जॉर्जची १७९७ सालची पेनी. बोल्टनने सोहोच्या टांकसाळीत पाडलेली. त्या रुंद कडेमुळे लोक तिला कार्टव्हील, म्हणजे गाडीचं चाक म्हणत. पुरा एक औंस तांबं, २८ ग्रॅमहून थोडं जास्त, कारण नाण्यात नाण्याच्या किमतीइतकं तांबं असावं असा आग्रह होता. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आमची २५ ग्रॅम भरली. बाकीचे तीन ग्रॅम समुद्राने आणि माणसांच्या बोटांनी घेतले.

मद्रासच्या जहाजातलं हे नाणं नव्हे. पण जिथून तो तराजूचा पैसा रेवदंड्याला आला आणि जिथून ते ४८ टन मद्रासला निघाले, त्याच टांकसाळीतलं. तांब्याचं एकटं नाणं, सव्वादोनशे वर्षांचं, त्यामुळे ते खजिन्याच्या कायद्यात बसत नाही. खड्डा बुजवला, जागेचा फोटो काढला.

खोलीवर आल्यावर बाबांनी सवयीने विचारलं, "चिंच आहे का गं?" घरी तांब्याची भांडी चिंचेनेच लखलखतात. पण नाण्याला चिंच, लिंबू, व्हिनेगर काही लावायचं नाही. आम्लाने वरचा थर जातो आणि त्याबरोबर उरलीसुरली अक्षरंही. घासायचं नाही. नळाच्या पाण्याने वाळू धुवायची, मग डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचं आणि रोज पाणी बदलायचं, म्हणजे आतलं मीठ हळूहळू सुटतं.

दुपारी गावातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात अखेर ते नाणं भेटलं : 'ॲडमिरल गार्डनर'मधलं वीस काशचं. काश म्हणजे मद्रासकडचं तांब्याचं छोटं नाणं. साधारण तीन सेंटिमीटर रुंद. एका अंगाला दोन सिंहांनी धरलेली कंपनीची ढाल आणि १८०८, दुसऱ्या अंगाला फारसी अक्षरं आणि खाली इंग्रजीत 'एक्सएक्स कॅश'. फारसी मजकूर सांगतो की वीस काश म्हणजे चार फलूस. मद्रासच्या बाजारात भाजी घेताना कुणीतरी मोजलं असतं हे. बाबांनी किंमत विचारायच्या आधी विचारलं, "हे कुठून आलं याचा कागद आहे का?" होता. जहाजाचं नाव, वर काढल्याचं वर्ष. मग त्यांनी ते घेतलं.

येताना पिअरवर गेलो. सध्याचा पिअर १९५७ चा, हजार फुटांहून लांब, आणि दोन्ही कठड्यांना गळ टाकून बसलेली माणसं. एकाच्या बादलीत मॅकरेल होते. "अगं, बांगडेच की!" बाबा म्हणाले. पाठीवर हिरव्या-निळ्या नागमोडी रेषा, जात जरा वेगळी पण खानदान तेच. बाबांनी त्यांना पेनी दाखवली, सापडल्याची हकीकत सांगितली, आणि निघताना त्या माणसाने चार मासे वर्तमानपत्रात बांधून दिले, पैसे घेतले नाहीत. बर्मिंगहॅमहून मी आलं-लसूण, मसाला आणि आमसुलं आणली होती. खोलीच्या छोट्याशा शेगडीवर बाबांनी कालवण केलं. वास बाहेर गेला असावा, कारण घरमालकीणबाईंनी दार वाजवलं. त्यांनाही वाटीभर दिलं, पावाबरोबर खाल्लं त्यांनी. गेल्या सहा वर्षांत मी खाल्लेलं हे सगळ्यात चांगलं कालवण.

चौथा दिवस

निघायचा दिवस. सकाळी फक्त एक फेरी, मशीनशिवाय. ते गृहस्थ भेटले. पेनी पाहून त्यांनी टोपी काढली आणि बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. मग बाबांना आपल्या पिशवीतली एक कोरी वही दिली.

जायचं असेल तर : पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस धरा, ओहोटी सर्वांत खाली जाते, त्या दिवसांत डीलला ओहोटी पहाटे-सकाळी येते, त्यामुळे थंडीची तयारी हवी. गोट्यांत वाळूची चाळणी निरुपयोगी, मोठ्या भोकांचं मजबूत फावडं न्या. गुडघ्यांसाठी जाड फोमचा तुकडा. आणि पाण्याकडे पूर्ण पाठ करून खणू नका.

परतल्यावर

पेनी माझ्याकडे आहे, बर्मिंगहॅमची बर्मिंगहॅमला. वहीच्या पहिल्या पानावर बाबांच्या वळणदार अक्षरात तिची नोंद आहे : तारीख, अश्विन वद्य प्रतिपदा, ओहोटी, वारा ईशान्य, पिअरच्या उत्तरेला, कोपरभर खोल.

दुसऱ्या पानापासून डबा सुरू होतो. गेले दोन आठवडे रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडे रात्री जेवणं झाल्यावर, आत्या व्हिडिओ कॉल लावते. डबा मांडीवर घेऊन एकेक नाणं फोनसमोर धरते आणि बाबा विचारतात, "हे कुठलं गं?" काहींचं कुणालाच आठवत नाही, तिथे बाबा 'जागा अज्ञात' असं लिहितात आणि थोडा वेळ थांबतात. काल तराजूच्या पैशाची पाळी होती. बाबांना वाटत होतं तो बाजारातून आला. आत्या म्हणाली, "छे रे, मागच्या पडवीचा पाया खणला ना, तेव्हाचा तो. आईने निखाऱ्याच्या राखेने पुसला होता. जांभळाच्या बुंध्यापासून दोन हातांवर."

बाबांनी लिहिलं : जांभळापासून दोन हात, विहिरीच्या बाजूला.